पाटीच्या पाठीवरची तीट

“पाठ बघितलीस का हिची?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

“कुणाची?”

“पाटीची.”

ही गोष्ट खरी आहे. कोल्हापुरात घडली, ऐन वसुबारसेला घडली, आणि मी स्वतः तिथं हजर होतो. शपथेवर सांगतो. म्हणजे, मी त्या दिवशी इचलकरंजीत होतो. पण जिनं मला सांगितली ती हजर होती, आणि तिला खोटं बोलता येत नाही. माझ्यासारखं नाही तिचं. तेव्हा वाचताना जिथं विश्वास बसणार नाही, तिथं ती बोलते आहे असं समजावं.

तर, केतकी उपळेकर चौरंग भांडाराच्या गोदामात कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर जमिनीवर तिची पाटी पसरलेली.

पाटी म्हणायची खरी, पण ती होती तीस फुटी. फ्लेक्सवर छापलेली एकच पणती. खाली मातीचा पसरट वाडगा, वर नऊ फुटी ज्योत, आणि सगळ्यात खाली अक्षरं: ‘उजेड घरी न्या’. छापखान्यातून आणताना टेम्पो महाद्वार रोडला पोचला तरी पाटीची शेपटी शाहूपुरीतच होती. एवढी लांब. बरं, थोडी कमी.

चौरंग म्हणजे शहरातलं सगळ्यात मोठं दुकान. तळमजला आणि वर तीन. तालुक्यांच्या गावी आणखी सहा शाखा, पण मुख्य दुकान हे. यंदाची दिवाळीची सगळी सजावट मालकांनी, भूपालदादांनी, केतकीवर सोपवली होती. जिन्यातल्या पाट्या, छताला टांगायचे पुठ्ठ्याचे आकाशकंदील, ‘साड्या दुसऱ्या मजल्यावर’ सांगणारे बाण, पिशव्यांवरची नक्षी... सगळं तिचं. आणि दर्शनी भिंतीवर ही पणती.

“संध्याकाळी सहाला उद्घाटन,” दादा म्हणाले होते. “ते नीट पार पडलं की सातही दुकानांची सजावट कायमची तुझ्याकडं. नाही पार पडलं तर फराळ करून जा.”

केतकी अहमदाबादेत पाच वर्षं शिकून आलेली. दोन हजार रंग नंबरानं ओळखायची. त्या नऊ फुटी ज्योतीवर तिनं अठरा दिवस घालवले होते. पिवळ्याचा केशरी कुठं होतो ते कुणाला बोट ठेवून दाखवता येऊ नये, अशी ज्योत.

आणि आता ती ज्योत एका काजळाच्या डबीसाठी अडली होती.

कारण चौरंगमध्ये रीत अशी, की वस्तादांनी पाठीवर तीट लावल्याशिवाय कुठलीच पाटी वर चढायची नाही. बाळाला लावतात तशी, काजळाची. पाटीलाही दृष्ट लागते म्हणे. दोरीवाला पिराजी तर तीट बघितल्याशिवाय दोरीला गाठसुद्धा मारायचा नाही.

वस्ताद जुने काचपेंटर. चाळीस वर्षं चौरंगच्या काचा त्यांनी रंगवल्या, त्याही आतून. आतून रंगवायचं म्हणजे अक्षरं उलटी, आणि क्रमही उलटा: जो उजेड सगळ्यात वर दिसायला हवा तो आधी मारायचा, रंग त्याच्यामागं, सावली शेवटी. आणि चाळीस वर्षांत हा माणूस आपलं काम बघायला एकदाही रस्त्यावर उतरला नव्हता.

“बाहेरनं कसं दिसतंय, वस्ताद?” असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “बाहेर हाईत त्यास्नी इचार.”

फ्लेक्स आलं आणि ब्रश गेले. राहिली ती तीट.

“फ्लेक्सला पाठ नसते, वस्ताद,” केतकी म्हणाली. “मागून नुसतं पांढरं. कुठंही लावा.”

“कुठंबी?”

“कुठंही.”

वस्तादांनी डबी उघडली. पाटीकडं बघितलं. डबी बंद केली.

“पाठ हितं न्हाई हिची.”

“मग कुठं आहे?”

“चढीव वर. मग हुडकू.”

पिराजीनं डोक्याला हात लावला. “तीट न लावता?”

“तात्पुरती चढीव,” वस्ताद म्हणाले. “दृष्ट लागली तर मला लागू दे.”

दहाच्या सुमाराला पणती चढली. केतकी पळत समोरच्या फुटपाथवर गेली आणि वळून बघितलं... आणि तिथंच उभी राहिली. रिक्षा थांबल्या. पूजेला चाललेली एक गाय थांबली. तिच्या वासरानंसुद्धा मान वर करून बघितलं.

एवढ्या लोकांत वर न बघणारा एकच माणूस होता. तो दुकानाच्या दारात उभा राहून तिला हातानं बोलवत होता.

“चल. पाठ बघायची हाय.”

वस्ताद जिना चढायला लागले. पहिला मजला. दुसरा. केतकी मागून. तिसऱ्या मजल्यावर ती या महिन्याभरात कधी आली नव्हती. तिथं गिऱ्हाईक येत नाही, मग पाट्या कशाला?

तिथं शिलाई होती. अकरा बायका, अकरा मशिनं. साड्यांना फॉल लावायचे, ब्लाउज उसवून सैल करायचे, काजी-बटणं. त्या मजल्याला रस्त्याच्या बाजूला भिंतच नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत काच. दादांच्या वडिलांनी खास शिलाईसाठी ठेवलेली.

त्या काचेबाहेर आता केतकीची ज्योत होती. आतून ती नुसती पांढरट, मळकट दिसत होती, धुणं वाळत घातल्यासारखी. खोलीत दिवसाढवळ्या अंधार. प्रत्येक मशिनवरचा छोटा पिवळा बल्ब पेटलेला.

“आल्या का पाटीवाल्या बाई,” शेवंताक्का म्हणाली. ती या खोलीची मुकादम. चष्मा कपाळावर, तोंडात दोरा. “‘उजेड घरी न्या’ म्हणं. हितला बरा नेलासा.”

बायका हसल्या. मशिनं थांबली नाहीत.

“दिवे आहेत की,” केतकी म्हणाली.

“हाईत तर.”

“आणि महिन्याभराचाच प्रश्न आहे.”

“हां. दिवाळीचाच म्हैना. बाकी वर्सभर आम्ही पत्तेच खेळतो.”

वस्ताद एका स्टुलावर बसले. काचेकडं पाठ करून. शेवंताक्काला म्हणाले, “आक्का, हिला रंग कळत्यात. एक फॉल काढून घे हिच्याकडनं.”

शेवंताक्कानं एक साडी पुढं टाकली. वांगी रंगाची. शेजारी पाच फॉल ठेवले.

“ह्यातला कंचा?”

केतकीनं त्यांच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. दोन हजार रंग ओळखणारीला पाचांचं काय? तिसरा उचलला. साडीवर ठेवला. फरक दिसेना, इतका चपखल.

“हा.”

“नक्की?”

“आक्का, मी हेच शिकलेय.”

“मग चला.”

शेवंताक्का साडी आणि फॉल घेऊन गच्चीच्या जिन्याकडं निघाली. केतकी मागं. गच्चीवर लख्ख ऊन होतं. आक्कानं उन्हात साडी धरली आणि तिच्यावर फॉल धरला.

साडी वांगी होती. फॉल चॉकलेटी.

केतकीनं डोळे चोळले. फॉल चॉकलेटीच राहिला.

“सकाळधरनं सात उसवले,” आक्का म्हणाली. “रोज काचंला धरून लावतो. आज काच कुठाय? दर साडीला गच्चीवर पळायचं म्हटलं तर तुमच्या दादांचं गुडघं मला वापराला घ्यावं लागतील.”

केतकी खाली आली. खोलीच्या मधोमध उभी राहिली. अठरा दिवसांच्या ज्योतीची पाठ बघत.

“वस्ताद.”

“हं.”

“संध्याकाळी उद्घाटन आहे. दादांनी पाटी पास केली आहे. आता काही बदलता येणार नाही.”

वस्ताद डबी हातात फिरवत राहिले.

“माझी जागा अडकलीय यात.”

“दिसतंय की.”

“तुम्ही तीट लावा. मी मोकळी.”

वस्ताद उठले. एक काच सरकवली. डबीत बोट बुडवलं, हात बाहेर काढला आणि ज्योतीच्या बरोब्बर मधोमध, पाठीवर, तीट लावली. मग पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

“ही घे. हितं हाय पाठ.”

...

केतकी त्या काळ्या ठिपक्याकडं बघत राहिली. एक मशिन थांबलं. मग दुसरं.

तिनं झोळीतून कटर काढला.

“पिराजी,” तिनं काचेतून बाहेर दोरांवर टांगलेल्या फळीकडं हाक मारली, “तुमची फळी इकडं घ्या.”

“कशापाय?”

“मला बसायचंय.”

पिराजीनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद फरशीकडं बघत होते. फळी आली. केतकी काचेतून बाहेर पडली, फळीवर बसली, चप्पल तिथूनच एका रसवंतीच्या छपरावर पडली, आणि तिनं आपल्याच ज्योतीच्या कडेवर कटर टेकवला.

कापताना तिचा हात थरथरला नाही. हे तिनं मला तीनदा सांगितलं, म्हणजे थरथरला असणार.

नऊ फुटी ज्योत सुटली, वाऱ्यावर एक गिरकी घेतली आणि खाली रस्त्यावर गेली. आणि खोलीत, फरशीवर, उन्हाची एक ज्योत पडली. पाटीतल्या भोकाच्याच आकाराची.

बायकांनी मशिनं सरकवायला सुरुवात केली. शेवंताक्कानं वांगी साडी उचलली, त्या उन्हात धरली आणि पाचांतला पहिला फॉल काढला.

“ह्यो,” ती म्हणाली.

केतकीनं फळीवरूनच मान डोलावली.

दुपारी भूपालदादा आले. रस्त्यावरून वर बघितलं. तिथूनच जिन्याला लागले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा राग दमला होता, पण उरला भरपूर होता.

“ज्योत कुठाय माझी?”

शेवंताक्कानं भोकाकडं बोट केलं.

“अख्ख्या शहरात बोलावणी गेल्यात. पणती हाय, वाडगा हाय, आन् वर भोक. भोकातनं काय दिसतंय, तर आमची फॉल-पिकोची मशिनं. कुणी केलं हे?”

“मी,” वस्ताद म्हणाले.

“नाही. मी,” केतकी म्हणाली. “वस्तादांनी नुसती तीट लावली.”

“ठिगळ लाव. चारपर्यंत.”

“नाही लावणार.”

“काय म्हणालीस?”

“दादा, ज्योत मी काढली होती, मीच कापली. तुम्हाला ठिगळ हवं असेल तर दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या. माझ्या हातून होणार नाही. नाहीतर सहा वाजता खाली उभं राहून बघा. मग काढा मला.”

“सहाला काय हुणार हाय?”

“अंधार.”

दादांनी वस्तादांकडं बघितलं. चाळीस वर्षांत वस्तादांनी कुठली तीट चुकीच्या जागी लावली नव्हती, हे दादांना माहीत होतं. आणि चारपर्यंत ठिगळ लावणारा दुसरा माणूस मिळणार नव्हता, हेही माहीत होतं. तरी जाताना म्हणाले, “फराळाचा डबा भरून ठेव.”

सहाला रस्ता भरला. सनई वाजत होती. सूर्य रंकाळ्यात गेला. पाटीवरचा वाडगा काळवंडला, अक्षरं दिसेनाशी झाली, आणि लोक एकमेकांना विचारायला लागले, की हे असलं अर्धवट काय लावलंय.

वर अकरा पिवळे बल्ब पेटले होते.

आणि ज्योत लागली.

छापलेली ज्योत हलत नव्हती. ही हलत होती. वर एखादी बाई कात्री घ्यायला उठली की ज्योत लवायची. शेवंताक्का साडी झटकायची की फडफडायची. कुणी वाकली की बुडाशी सावळी व्हायची आणि उभी राहिली की पुन्हा उजळायची. रस्त्यावर आधी सनई थांबली. मग कुणीतरी हात जोडले. त्याचं बघून बाकीच्यांनी जोडले.

आणि त्या गर्दीत, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, दस्तगीर वस्ताद रस्त्यावर उतरून उभे होते. मान वर करून.

“वस्ताद,” भूपालदादांचा आवाज ओला झाला होता. “हे असलं कधी झालं न्हाई.” मग केतकीकडं वळून, “जागा तुझी. सातही दुकानं. शब्द दिला.”

केतकीनं श्वास सोडला.

“फक्त एक कर,” दादा म्हणाले. “दुकान धापर्यंत उघडं हाय. ज्योत धापर्यंत चालली पाहिजे. रोज. दिवाळी संपस्तवर.”

“त्या सातला सुटतात, दादा.”

“आता धाला सुटतील. मिठाईचा पुडा दे एकेकीला.”

“काम नसताना बसून काय करतील?”

“काम कशाला पाहिजे? नुसतं हलत राहू देत.”

केतकीनं वर बघितलं. “रिकाम्या खोलीत बल्ब चालू ठेवले तर...”

“मघा चहाला गेल्या हुत्या तवा बघितलं मी. नुसती खिडकी दिसती. मला खिडकी नको. मला ज्योत पाहिजे.” दादांनी घड्याळ बघितलं. “सातला पाच हाईत. वर जा आन् बसीव त्यास्नी. न्हाईतर मघाचा शब्द माघारी.”

केतकीनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद वरच बघत होते.

ती जिना चढली.

वर बायका मशिनांवर कापड घालत होत्या. एकेक बल्ब विझत होता. खाली रस्त्यावर ज्योत एकेका बल्बानं बारीक होत होती आणि लोकांचा ‘अरे अरे’ वर ऐकू येत होता.

“काय वं बाई,” शेवंताक्का म्हणाली. डबा पिशवीत, पिशवी खांद्यावर. “आणखी काय कापायचं ऱ्हायलंय?”

“दादा म्हणतात, दहापर्यंत बसा.”

“कशाला?”

“हलायला.”

शेवंताक्कानं खांद्यावरची पिशवी सावरली. “घरात माझ्या नातवंडांनी रांगोळीचा डबा उघडून ठेवलाय. मी गेल्याबिगर ती ठिपकं काढत न्हाईत. हितं बसून मी रस्त्याला नाच दावू?”

...

“तुमचं काय म्हणणं हाय?” आक्कानं विचारलं. “दादांचं कळलं. तुमचं सांगा. तुम्ही बसा म्हणला तर बसती मी. सकाळी उजेड दिलासा, त्याचं म्हणून बसती.”

खोलीत एक बल्ब उरला होता. आक्काच्या मशिनवरचा.

केतकीला सातही दुकानांच्या भिंती दिसल्या. कोऱ्या. तिच्या.

तिनं पुढं होऊन बल्बाचं बटण दाबलं.

“जा, आक्का. जिन्यात जपून. बाण मीच लावलेत, अंधारात दिसत नाहीत.”

आता यातलं खोटं कुठलं ते सांगून टाकतो, नाहीतर ती मला पुन्हा दारात उभं करणार नाही.

गाय थांबली, हे खरं. वासरू मी घातलं. बल्ब अकरा नव्हते, नऊ होते, दोन जळालेले. चप्पल रसवंतीवर नाही, खाली उभ्या असलेल्या सनईवाल्याच्या पिशवीत पडली, पण ते कुणाला पटलं नसतं. जागा गेली, हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली, आणि ती परत मागायला केतकी गेली नाही, हेही खरं. पाटी मात्र दादांनी उतरवली नाही. दिवाळीभर ती ज्योत सहाला लागायची आणि सातला जायची, आणि ती तेवढी तासभर बघायला लोक यायचे.

पण सगळ्यात मोठं खोटं वस्तादांचं. ते रस्त्यावर उतरले, असं मी लिहिलं. मला फार वाटत होतं, त्यांनी एकदा तरी बघावं. नाही उतरले. ते सकाळपासून त्या खोलीतच होते, त्याच स्टुलावर, काचेकडं पाठ करून. शेवटचा बल्ब केतकीनं विझवला, बायका बोलत बोलत जिना उतरल्या, तेव्हा अंधारात ती दोघंच उरली.

तिच्या हातातला फोन वाजला. खालून भूपालदादा. एवढ्या मोठ्यानं बोलत होते, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

“ज्योत विझली. ए पोरी, ज्योत विझली.”

केतकी काहीतरी बोलणार होती. वस्तादांनी हात पुढं केला. काजळाचा हात. फोन घेतला.

“विझली न्हाई, दादा. घरी गेली.”